लहान मुलांची पाकीटबंद सिरियल्स: पौष्टिकता नेमकी कशावरून ठरवायची?

केळफूल

माझी मुलगी सहा वर्षांची आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून सकाळी चॉकलेटच्या चवीचे सिरियल आणि दूध यांखेरीज ती दुसऱ्या कशालाही तोंड लावत नाही. सहा पन्नासला शाळेची गाडी दारात येते, त्यामुळे मीही फारसा वाद न घालता वाडगा तिच्यापुढे ठेवत आले. खोक्याच्या दर्शनी भागावर लोह, जीवनसत्त्वे आणि धान्याची ताकद यांचा उल्लेख मोठ्या अक्षरांत असतो, आणि तो वाचून आपण मुलीला काही वाईट देत नाही असे मला वाटत असे.

मागच्या रविवारी वेळ होता, म्हणून मी रिकामा वाडगा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला, काटा शून्यावर आणला आणि तिला नेहमीसारखे स्वतःच्या हाताने ओतून घ्यायला सांगितले. काटा ५२ ग्रॅमवर थांबला. खोक्याच्या मागे एका वेळचे प्रमाण ३० ग्रॅम दिलेले आहे. म्हणजे तिथे छापलेला प्रत्येक 'एका वेळचा' आकडा माझ्या मुलीच्या बाबतीत पावणेदोनपट करून वाचायला हवा होता, आणि मी तो कधीच तसा वाचला नव्हता.

मग खोका घेऊन बसले. घटकपदार्थांच्या यादीत गव्हाच्या पिठानंतर लगेच साखरेचे नाव आहे. १०० ग्रॅममध्ये ३१ ग्रॅम साखर, आणि ती सगळी वरून घातलेली. ५२ ग्रॅमच्या वाडग्यात त्यामुळे १६ ग्रॅम साखर येते. चहाचा सपाट चमचा चार ते पाच ग्रॅमचा धरला, तर हे साडेतीन चमचे होतात आणि दुधात ती वेगळी घालून घेते तो अर्धा चमचा यात धरलेलाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर, मध, सरबते आणि फळांचे रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि शक्य असेल तर ५ टक्क्यांच्या आत. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज १,३६० किलोकॅलरी धरली आहे. त्याच्या १० टक्के म्हणजे ३४ ग्रॅम साखर आणि ५ टक्के म्हणजे १७ ग्रॅम. शाळेची गाडी यायच्या आत माझी मुलगी त्या १७ पैकी १६ ग्रॅम संपवून बसलेली असते.

आणखी एक गोष्ट नंतर लक्षात आली. खोक्यावर या साखरेपुढे 'दैनंदिन गरजेच्या १९ टक्के' असा आकडा आहे. आपल्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार ही टक्केवारी २,००० किलोकॅलरी आणि ५० ग्रॅम साखर असे सरासरी प्रौढ माणसाचे प्रमाण धरून काढायची असते. खोक्यावर चित्र माकडाचे आणि अंतराळयानाचे, खाणारे मूल सहा वर्षांचे, आणि हिशेब मात्र पूर्ण वाढलेल्या माणसाचा. तिच्या ३४ ग्रॅमच्या मर्यादेत, तिच्या ५२ ग्रॅमच्या वाडग्यासाठी तोच आकडा ४७ टक्के होतो.

माझा प्रश्न केवळ साखरेपुरता नाही. दुकानात उभे असताना, हातात दोन खोके असताना, त्यांतले कोणते मुलासाठी बरे हे कोणत्या आकड्यांवरून आणि कोणत्या क्रमाने ठरवावे? ज्यांचा या विषयाशी कामाच्या निमित्ताने संबंध आला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ओसरी

केळफूल, तुम्ही वजन करून पाहिले ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट केलीत. मी अठरा वर्षे बालरुग्ण विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम केले आहे. पालक 'एक वाटी देते' असे सांगतात तेव्हा ती वाटी किती मोठी हे विचारल्याशिवाय मी पुढचे काही लिहून घेत नसे.

क्रमाबद्दल माझे मत असे आहे. तक्त्यातला 'एका वेळचा' रकाना सोडून द्यावा आणि फक्त १०० ग्रॅमचा रकाना वाचावा, कारण एका कंपनीचे एका वेळचे प्रमाण ३० ग्रॅम असते, दुसरीचे ४० असते, आणि ती तुलना कधीच बरोबर होत नाही. त्या रकान्यात पहिल्यांदा साखर, दुसऱ्यांदा तंतुमय पदार्थ आणि तिसऱ्यांदा सोडियम पाहावे. प्रथिने मी त्यानंतर पाहते आणि जीवनसत्त्वांची यादी सर्वांत शेवटी.

साखरेबाबत, पाकिटावर कोणते दावे छापता येतात याच्या आपल्याकडच्या नियमात 'लो शुगर' म्हणायला १०० ग्रॅम घन पदार्थात ५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या सिरियलपैकी या कसोटीला उतरणारी फार थोडी सापडतील, म्हणून मी पालकांना व्यवहार्य मर्यादा म्हणून १० ग्रॅमच्या आत शोधा असे सांगते आणि २० च्या वर असेल तर ते न्याहारीत धरू नका, बिस्किटांच्या आणि केकच्या रांगेत धरा, असे सांगते.

इथे दोन बारकावे आहेत. एक म्हणजे 'एकूण साखर' आणि 'वरून घातलेली साखर' या वेगळ्या ओळी असतात, आणि म्युस्लीत (ओट्स, सुकामेवा वगैरेंच्या मिश्रणात) मनुका किंवा खजूर असतील तर एकूण साखर जास्त दिसते. त्यामुळे दोन्ही ओळी वाचल्याशिवाय म्युस्लीला नावे ठेवू नयेत. दुसरा म्हणजे माल्टोडेक्स्ट्रिन. हे स्टार्चपासून बनवतात, ते शरीरात साखरेइतक्याच वेगाने ग्लुकोजमध्ये बदलते, पण रासायनिक व्याख्येनुसार ते साखरेच्या ओळीत मोजले जात नाही, फक्त कर्बोदकांत मोजले जाते. म्हणून साखरेचा आकडा कमी दिसला तरी घटकपदार्थांची यादी वाचायलाच हवी. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, मध आणि गूळ ही सगळी साखरेचीच नावे समजावीत. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी असा नियम असल्याने साखर तीन नावांनी तीन ठिकाणी विभागली की प्रत्येक नाव खाली सरकते आणि धान्य पहिल्या क्रमांकावर राहते. मी पालकांना त्या तिन्ही नावांवर बोट ठेवायला लावत असे.

तंतुमय पदार्थांसाठी एक ढोबळ पडताळा आहे. कर्बोदकांच्या दर दहा ग्रॅममागे निदान एक ग्रॅम तंतू असावेत. ८४ ग्रॅम कर्बोदके आणि ३ ग्रॅम तंतू असतील, तर समोर फ्लेक्सच्या रूपातले मैद्यासारखे काहीतरी आहे, मग पुढे कोणत्याही धान्याचे चित्र असो. मुलाला दिवसभरात किती तंतू हवेत याचा अंदाज वयात पाच मिळवून घेता येतो. तुमच्या मुलीसाठी तो अकरा ग्रॅमच्या आसपास येतो.

सोडियमला अडीचने गुणले की मीठ मिळते. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. गोड सिरियलमध्ये मीठ असेल असे कोणालाच वाटत नाही, पण साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये साखर बेताची आणि मीठ भरपूर अशी स्थिती नेहमी आढळते. मसाला ओट्सच्या छोट्या पाकिटांत तर सर्वांत आधी सोडियमच पाहावे.

तांबडं_फुटलं

गेली काही वर्षे मी अन्नप्रक्रियेच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे खोक्याच्या आतले पदार्थ कसे बनतात हे थोडे लिहितो. बनवण्याची पद्धत समजली की तक्त्यातले आकडे तसे का असतात हे आपोआप कळते.

कॉर्नफ्लेक्ससाठी मक्याचा दाणा पूर्ण वापरत नाहीत. त्याचा कोंडा आणि अंकुर काढून टाकतात, कारण अंकुरातल्या तेलामुळे माल काही महिन्यांत खवट होतो. उरलेल्या भरड्याला साखर, मीठ आणि माल्ट घालून वाफेच्या दाबाखाली शिजवतात, वाळवतात, काही तास मुरू देतात, मोठ्या रोलरांमधून दाबून पापुद्रे करतात आणि भट्टीत भाजतात. कोंडा आणि अंकुर गेले की तंतू गेले आणि ब गटातली बरीच जीवनसत्त्वेही गेली. स्टार्च पूर्ण शिजून पातळ झालेला असल्याने पोटात गेल्यावर तो फार लवकर पचतो. आंतरराष्ट्रीय तक्त्यांत कॉर्नफ्लेक्सचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने वाढते याचा आकडा) ८० च्या आसपास दिलेला असतो, तर साध्या ओट्सच्या खिरीचा ५५ च्या आसपास. मात्र झटपट शिजणाऱ्या इन्स्टंट ओट्सचाही ८० च्या जवळ जातो, हे ओट्स म्हणजे आरोग्य असे मानणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. दाणा जितका दळला, शिजवला आणि फुगवला, तितका तो पचायला हलका आणि पोटाला अपुरा.

मुलांचे गोळे, वाट्या, तारे वगैरे आकार एक्सट्रूडरमध्ये होतात. पीठ, साखर आणि पाणी यांचे मिश्रण उष्णता आणि दाब देऊन एका छिद्रातून बाहेर ढकलतात आणि बाहेर पडताच ते फुगते. नंतर मोठ्या फिरत्या पिंपात त्यावर साखरेच्या पाकाचे अस्तर चढवतात. ते अस्तर केवळ चवीसाठी नसते, दुधात कुरकुरीतपणा टिकावा हाही त्याचा उद्देश असतो. आपल्या घरांत गरम दूध ओतायची सवय असल्यामुळे साधे फ्लेक्स लगेच मऊ पडतात, आणि १९९४ साली केलॉग भारतात आली तेव्हा या सवयीशी तिचा पहिला सामना झाला होता. जाड अस्तराचे पदार्थ गरम दुधात तग धरतात.

उष्णतेने नष्ट होणारी जीवनसत्त्वे भट्टीनंतर फवारतात. त्यामुळे खोक्यावरच्या जीवनसत्त्वांच्या यादीवरून धान्य चांगले आहे असे काहीही सिद्ध होत नाही. तीच फवारणी कोणत्याही गोष्टीवर करता येते. मी फोर्टिफिकेशनच्या, म्हणजे अशी जीवनसत्त्वे आणि खनिजे वरून मिसळण्याच्या, विरोधात नाही. शाकाहारी घरातल्या मुलाला बी-१२ किंवा फॉलिक आम्ल मिळत असेल तर त्याचा उपयोग आहेच. फक्त ते धान्याच्या गुणाचे प्रमाणपत्र नव्हे.

भिंगरी

लोहाबद्दल एक अनुभव लिहिते. माझ्या मुलाला चौथीत चुंबकाचा पाठ होता. आम्ही लोहयुक्त असे लिहिलेले फ्लेक्स खलबत्त्यात अगदी बारीक कुटले, काचेच्या बरणीत पाण्यात ढवळले आणि बाहेरून एक मजबूत चुंबक लावून बरणी दहा मिनिटे हलवत राहिलो. चुंबकाच्या जागी काचेला आतून काळपट, बारीक रेघ चिकटली. मुलाने ती पांढऱ्या कागदावर टिपून घेतली आणि चुंबक कागदाखालून फिरवला तेव्हा ती रेघ सरकत होती. ते खरोखरचे लोखंडाचे चूर्ण होते. हे खाण्यायोग्यच असते ना आणि अंगी लागते का, असा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

ओसरी

भिंगरी, ते खाण्यायोग्यच असते. जठरातल्या आम्लात ते विरघळते आणि त्याचा काही भाग शोषला जातो, पण फेरस सल्फेटसारख्या क्षारांच्या तुलनेत हे शोषण कमी असते. दुधातल्या कॅल्शियममुळे आणि सोबत चहा दिला तर चहातल्या टॅनिनमुळे ते आणखी घटते. क जीवनसत्त्वाने ते वाढते. म्हणून पेरू, संत्रे किंवा आवळा यांतले काही त्याच न्याहारीत असेल तर छापलेल्या लोहाला अर्थ येतो. छापलेला आकडा आणि रक्तात पोचणारा आकडा हे एकच आहेत असे समजून मुलाच्या ॲनिमियाचा उपचार सिरियलवर सोडू नये. तपासणी करून डॉक्टरांनी दिलेले औषधच द्यावे.

मोरपीस

मी लंडनजवळ राहते. इथे २०१३ पासून बहुतेक मोठ्या दुकानांच्या मालावर पुढच्या बाजूला लाल, पिवळे आणि हिरवे रंग असतात. ही पद्धत ऐच्छिक आहे. १०० ग्रॅममध्ये साखर ५ ग्रॅमपर्यंत असेल तर हिरवा, २२.५ ग्रॅमच्या वर गेली की लाल. मिठाला दीड ग्रॅमच्या वर लाल. माझी मुले वाचायला शिकायच्या आधी रंग ओळखायला शिकली, आणि लाल रंगाचा खोका गाडीत टाकायचा नाही हा नियम त्यांनी स्वतःच पाळला. केळफूल यांचे ३१ ग्रॅमचे सिरियल इथे स्पष्ट लाल ठरले असते.

चिलीने २०१६ मध्ये याहून कडक पाऊल उचलले. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा ऊर्जा असलेल्या पदार्थांवर काळा अष्टकोनी इशारा छापणे सक्तीचे केले आणि अशा पदार्थांवर मुलांना भुलवणारी कार्टून पात्रे वापरायला बंदी घातली. साखरेची त्यांची अंतिम मर्यादा १०० ग्रॅमला १० ग्रॅम आहे. ओसरी यांनी अनुभवावरून सांगितलेला आकडाही तोच आहे, याचे मला विशेष वाटले.

भारतात एफएसएसएआयने (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०२२ मध्ये ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा काढला आणि जुलै २०२४ मध्ये एकूण साखर, मीठ आणि संपृक्त चरबी ठळक व मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. माझ्या मते ताऱ्यांची पद्धत सिरियलच्या बाबतीत घातक ठरू शकते, कारण तीत तंतू आणि प्रथिनांचे गुण मिळवून साखरेचे दोष झाकता येतात. इशारा हा इशाऱ्यासारखाच दिसला पाहिजे. तारे हॉटेलांना देतात, त्यामुळे एक तारा मिळालेला पदार्थही वाचणाऱ्याला काही प्रमाणात गौरवलेला वाटतो.

सांजवेळ

मी आजी आहे आणि दोन नातवंडांची न्याहारी माझ्याकडे असते. वरचे सगळे वाचून मला पटले, पण एक शंका विचारते. सुनेने बदाम आणि मध घातलेली म्युस्ली आणली आहे. पुढे बदामांचा ढीग आणि मधाचा बुधला यांचे चित्र आहे. ही तरी चॉकलेटच्या गोळ्यांपेक्षा बरी ना?

तांबडं_फुटलं

सांजवेळ आजी, कृपया घटकपदार्थांच्या यादीत बदामापुढे कंसात टक्केवारी दिली आहे का ते पाहा. शब्दांत किंवा चित्रात एखादा घटक ठळकपणे दाखवला असेल, तर त्याचे प्रमाण टक्क्यांत छापणे आपल्या नियमानुसार बंधनकारक आहे. मुलांच्या सिरियलच्या बाबतीत मला हा नियम सर्वांत उपयोगी वाटतो, आणि तो फार थोड्या लोकांना माहीत आहे.

सांजवेळ

चष्मा लावून पाहिले. बदाम २.१ टक्के आणि मध १ टक्का. साखर मधाच्या बऱ्याच वर आहे.

तांबडं_फुटलं

म्हणजे नातवाच्या ४० ग्रॅमच्या वाटीत बदाम ०.८४ ग्रॅम. एक बदाम साधारण एक ग्रॅमचा असतो. चित्रात ढीग आहे आणि वाटीत एक पूर्ण बदामही नाही. गोडी साखरेची आहे, मधाचे नाव आहे. तरीही ओट्सचे प्रमाण निम्म्याच्या वर असेल आणि तंतू १०० ग्रॅमला ६ ग्रॅमच्या वर असतील, तर ती चॉकलेटच्या गोळ्यांपेक्षा नक्कीच बरी. ६ ग्रॅम हीच 'तंतूंनी समृद्ध' म्हणण्याची कायदेशीर मर्यादा आहे. नुसता 'तंतूंचा स्रोत' म्हणायला ३ ग्रॅम पुरतात. सुनेला दोष देऊ नका. चित्र पाहून कोणीही हेच घेतले असते. पुढच्या वेळी साधे रोल्ड ओट्स आणा आणि रात्री भिजवलेले चार बदाम स्वतः घाला.

पाणवठा

एक आक्षेप नोंदवतो, आणि तो मनापासून नोंदवतो. या चर्चेचा शेवट नेहमी 'त्यापेक्षा पोहे द्या' असा होतो आणि घरच्या पदार्थांना कोणीच काट्यावर ठेवत नाही. कसोटी एकच असेल तर ती दोन्हीकडे लावली पाहिजे. १०० ग्रॅम रव्याला ८० ग्रॅम साखर घालून केलेला शिरा चार जणांत वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला २० ग्रॅम साखर येते, म्हणजे केळफूल यांच्या वाडग्यापेक्षा जास्त. साबुदाण्यात स्टार्चखेरीज जवळजवळ काही नसते, आणि खिचडी पौष्टिक होते ती दाण्याच्या कुटामुळे. नुसत्या पोह्यांत प्रथिने १०० ग्रॅमला सात ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कित्येक सिरियल्सइतकीच. फरक पडतो तो मूठभर शेंगदाणे, मटार, वरून पिळलेले लिंबू आणि ओले खोबरे यांनी. लिंबू पिळल्याने पोह्यांतले लोह चांगले शोषले जाते, हे आपल्या आज्यांनी आकडे न वापरता साधले होते.

माझ्या मते खरा प्रश्न वाडग्याचा आहे, खोक्याचा नाही. खोक्यावर 'दुधासह' असा जो वेगळा रकाना असतो त्यात प्रथिने एकदम वाढलेली दिसतात, पण ती दुधाची असतात. १२५ मिलीलिटर दुधात सुमारे चार ग्रॅम प्रथिने आणि दीडशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि तेच दूध भाकरीसोबत प्यायले तरी तेवढेच मिळते. दुधाचे श्रेय खोक्याला देऊ नये.

केळफूल

पाणवठा, तुमचा आक्षेप मला मान्य आहे, आणि शिऱ्याचा हिशेब वाचून मी माझ्या रविवारच्या शिऱ्याची साखर आजच कमी केली. दुधाचा मुद्दाही मी पूर्वी कधी असा पाहिला नव्हता.

गेल्या आठ दिवसांत घरी काय केले ते सांगते. खोका एकदम बंद केला नाही. पहिले तीन दिवस चॉकलेटचे सिरियल ३० ग्रॅम मोजून दिले आणि त्यात बिनसाखरेचे ओट्स १५ ग्रॅम मिसळले. चौथ्या दिवसापासून दोन्हीचे प्रमाण सारखे केले आणि वरून अर्धे केळे चिरून घातले. दुधातली साखर पूर्ण थांबवली. पहिल्या दिवशी तिने ओट्स वेचून वाडग्याच्या काठावर लावून ठेवले होते. काल मात्र वाडगा रिकामा परत आला. सिरियल आता २० ग्रॅमवर आले आहे, म्हणजे साखर सहा ग्रॅमच्या थोडी वर. मधल्या सुट्टीच्या डब्यात उरलेली पोळी परत येत नाही हेही मी लक्ष देऊन पाहिले.

अंगणवेल

माझे बाळ अकरा महिन्यांचे आहे. वरची चर्चा मोठ्या मुलांची आहे, पण बाळांसाठीच्या पाकीटबंद धान्याच्या पेजेला हेच निकष लावावेत का?

ओसरी

अंगणवेल, तिथे निकष अधिक कडक आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील बाळाच्या खाण्यात साखर घालूच नये. एप्रिल २०२४ मध्ये पब्लिक आय या स्विस संस्थेने नेस्लेच्या भारतात विकल्या जाणाऱ्या बाळांच्या सिरियल्सची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा एका वेळच्या प्रमाणात सरासरी जवळपास तीन ग्रॅम वरून घातलेली साखर आढळली होती, आणि तसेच पदार्थ युरोपात साखरेविना विकले जात होते. कंपनीने त्यावर, गेल्या पाच वर्षांत आपण साखर तीस टक्क्यांपर्यंत कमी केल्याचे सांगितले. तुमच्या पाकिटावर वरून घातलेल्या साखरेच्या ओळीत शून्य आहे का, एवढेच आधी पाहा. शून्य नसेल तर ते बाळासाठी नाही. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने दोन वर्षांखालील बाळांच्या खाद्यपदार्थांची जाहिरात करायलाच बंदी आहे, त्यामुळे कोणी समाजमाध्यमावर असे पाकीट सुचवत असेल तर त्यावर विसंबू नका. नाचणी भिजवून, वस्त्रगाळ करून काढलेले सत्त्व किंवा मूगडाळ-तांदळाची पेज पुरेशी आहे.

सांजवेळ

नाचणीवरून आठवले. दुकानात आता नाचणीचे फ्लेक्स मिळतात, गूळ घातलेले. ते मी डोळे झाकून घेऊ का?

केळफूल

आजी, योगायोगाने तेच पाकीट मी काल हातात घेऊन पाहिले, म्हणून लिहिते. पुढे मोठ्या अक्षरांत नाचणी आणि मागे यादीत पहिला तांदळाचा भरडा, मग साखर, मग नाचणीचे पीठ १५ टक्के, मग गूळ २ टक्के. ३० ग्रॅम फ्लेक्समध्ये नाचणी साडेचार ग्रॅम होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत नाचणीत १०० ग्रॅमला ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिले आहे, म्हणजे या साडेचार ग्रॅमांतून १६ मिलिग्रॅम. त्याऐवजी ३० ग्रॅम नाचणीच्या पिठाचे घावन केले तर १०९ मिलिग्रॅम मिळते. माझ्या मुलीच्या वयाला दिवसाला ५५० हवे असते.

पाकीट मी फळीवर परत ठेवले. शेजारीच दुसऱ्या एका बनावटीचे नाचणीचे फ्लेक्स होते, त्यांत नाचणी ६२ टक्के, तंतू ९ ग्रॅम आणि साखर ६ ग्रॅम होती. त्याचे चित्र साधे, पाकीट लहान आणि जागा अगदी खालच्या फळीवर. ते घेऊन आले आहे. उद्या सकाळी वजनकाट्यावर वाडगा ठेवून मुलीला तिच्या हाताने ओतायला लावणार आहे. तिने किती घेतले आणि त्यातले किती संपवले ते इथेच लिहीन.